चहा घेतल्याशिवाय जायचं नाही

‘मिशन’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एक चित्र येतं. एक माणूस, बहुधा परका, बहुधा गोरा, हातात पिशवी घेऊन गरिबांच्या वस्तीत शिरतो आहे. पिशवीत औषधं आहेत, पुस्तकं आहेत, दुष्काळ असेल तर धान्य आहे. तो देणारा आणि वस्ती घेणारी. विरोधकांनाही हेच चित्र दिसतं आणि चाहत्यांनाही. फरक इतकाच, की एकाला त्या पिशवीचा संशय येतो आणि दुसऱ्याला तिचं कौतुक वाटतं.

गंमत अशी, की हे चित्र ज्या ग्रंथातून निघालं असं आपण समजतो, त्या ग्रंथात ते नेमकं उलटं आहे. लूकच्या शुभवर्तमानाच्या 10व्या अध्यायात येशू आपल्या बहात्तर शिष्यांना (काही प्रतींत सत्तर) गावोगाव पाठवतो. त्यांना जोडीजोडीनं जायला सांगतो आणि निघताना थैली, झोळी, पायताण काहीच बरोबर घेऊ देत नाही. ज्या घरात स्वागत होईल तिथंच राहायचं, जास्त चांगल्या जेवणाच्या शोधात घरं बदलायची नाहीत आणि पानात जे पडेल ते खायचं, अशी ताकीदही देतो. म्हणजे मूळ योजनेत प्रचारक हा रिकाम्या हातांचा पाहुणा आहे. त्याचं पोट ऐकणाऱ्याच्या चुलीवर अवलंबून आहे. यजमान वस्ती आहे.

योहानाच्या शुभवर्तमानात याहून पुढची गोष्ट येते. भर दुपारी विहिरीवर थकून बसलेला येशू एका शोमरोनी बाईकडे पाणी मागतो. ती चकित होते, कारण यहुदी लोक शोमरोन्यांशी असा व्यवहार ठेवत नसत. मराठी वाचकाला या प्रसंगाचं वेगळं स्पष्टीकरण द्यायची गरज नसावी. कोण कुणाच्या हातचं पाणी पितो, यावर आपल्याकडे शतकानुशतकं माणसाची किंमत ठरत आली. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह 1927 साली झाला, तोही पाण्यासाठीच. अशा मुलखात जेव्हा कुणी महारवाड्यात किंवा मांगवाड्यात जाऊन पाण्याचा तांब्या तोंडाला लावत असे, तेव्हा त्याच्या प्रवचनातलं वस्तीनं काय ऐकलं कुणास ठाऊक, पण तो तांब्या मात्र सगळ्यांनी पाहिलेला असे.

आपल्या मुलखातलं मिशनचं काम तसं जुनं. इथं वांद्र्यातच पोर्तुगीज जेझुइटांनी 1575 साली सेंट अँड्र्यूज चर्च उभारलं ते कोळ्यांच्या वस्तीत, समुद्राला लागून. तो काळ राजसत्तेच्या आधारानं चाललेल्या धर्मप्रसाराचा होता, त्यात पाहुणचाराचा हिशेब काढणं अवघड आहे. सत्तेबरोबर आलेला माणूस पाहुणा आहे की मालक, हे यजमानाला विचारायची सोय नसते. म्हणून मी अडीचशे वर्षं पुढे जातो.

अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल 1813 च्या फेब्रुवारीत मुंबईला पोचले. ईस्ट इंडिया कंपनीला ते नको होते, त्यांना परत पाठवायची खटपटही झाली. म्हणजे इथं सत्ता पाठीशी नव्हती. त्यांनी मराठी शिकून घेतली, शाळा काढल्या, नव्या कराराच्या मराठी भाषांतरात मोठा वाटा उचलला. 1826 च्या मार्चमध्ये ते नाशिककडे फिरतीवर गेले तेव्हा तिथं पटकीची साथ होती. बरोबरची औषधं त्यांनी वाटली आणि साठा संपत आल्यावर ते परत फिरले. वाटेत एका खेड्यात रात्र झाली म्हणून देवळाच्या पडवीत अंग टाकलं. पहाटे उठून पुढं निघायच्या बेतात असताना त्यांनाच पटकीनं गाठलं आणि त्याच दिवशी, 20 मार्चला, ते गेले. वय 41. बरोबर होते ते त्यांच्या शाळेशी संबंधित दोन तरुण.

ज्यानं तेरा वर्षं मूर्तिपूजेविरुद्ध उपदेश केला, त्याला शेवटचं छप्पर मिळालं ते देवळाचं. चरित्रकारांनी यात नाट्य पाहिलं आहे. मला मात्र त्यात आपल्या खेड्यांची साधी रीत दिसते. वाटसरूला टेकायला देऊळ, धर्मशाळा किंवा चावडी असायचीच, आणि दमून आलेल्याला रात्रीच्या वेळी तू कोणत्या देवाचा असं विचारायची पद्धत नव्हती. अर्थात ही पडवीही सर्वांना सारखी मोकळी नव्हती. हॉलना जी जागा मिळाली ती त्याच गावच्या महाराला मिळाली असती का, हा प्रश्न विचारायलाच हवा. परका साहेब देवळापाशी झोपू शकत होता आणि गावकुसाबाहेरचा गाववाला नाही, हा त्या पाहुणचाराचा दुसरा चेहरा होता.

पुढं मिशनचा व्याप वाढला. बंगले आले, कंपाउंड आलं, दवाखाने, वसतिगृहं, पगारी उपदेशक आले. या संस्थांनी जे केलं ते मोठंच आहे, नगर-सोलापूरकडच्या कितीतरी घराण्यांत पहिलं अक्षर त्यांच्यामुळं शिरलं. पण झोळीशिवाय जाण्याची जी मूळ अट होती ती कधी गळून गेली ते कळलं नाही. आता वस्तीनंच बंगल्याच्या पायरीशी यायचं आणि साहेबांनी वरून बोलायचं, असं ठिकठिकाणी झालं. रेव्हरंड नारायण वामन टिळकांना हे सलत होतं. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेला हा कवी मिशनमध्ये बावीस वर्षं राहिला आणि 1917 साली मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडून बसला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्या दरबारात जागा होती. दोनच वर्षांत, 1919 साली, टिळक गेले आणि तो प्रयोग मागं पडला.

पण या विषयात मला टिळकांपेक्षा लक्ष्मीबाईंचं उदाहरण मोलाचं वाटतं. नवरा ख्रिस्ती झाल्यावर त्या काही वर्षं वेगळ्या राहिल्या. पुढं त्यांच्याकडं आल्या तरी सोवळं सुटलं नव्हतं. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. एका घरात राहायचं आणि नवऱ्याच्या हातचं पाणी चालायचं नाही, ही कसरत त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त ज्या मिस्कीलपणानं सांगितली आहे तिला मराठीत तोड नाही. मग एके दिवशी त्या स्वतःशीच विचार करत बसल्या आणि जात ही माणसानं केलेली आहे, असा त्यांचा निर्णय झाला. त्यातून पहिला परिणाम काय झाला? बाप्तिस्मा नव्हे, तो नंतर, 1900 साली. पहिला परिणाम असा, की कुणाच्याही हातचं खायला-प्यायला त्यांची हरकत उरली नाही. शिवाशिवीच्या समाजात वाढलेल्या बाईला देणं सोपं होतं, ब्राह्मणाच्या घरातून वरून टाकलेली भाकरी रोजच बाहेर जात होती. घेणं कठीण होतं.

हे नीट लक्षात घेतलं की गरिबाघरच्या पाहुणचारात असं काय असतं ते समजायला लागतं. आपल्या जुन्या गोष्टी पाहा. विदुराच्या कण्या, सुदाम्याचे पोहे, शबरीची बोरं. तिन्ही गोष्टींत देणारा दरिद्री आहे आणि खाणारा थोर. सुदामा तर ती पोह्यांची पुरचुंडी लाजेनं लपवत असतो, कृष्ण ती ओढून घेतो. आपण कीर्तनात हे ऐकताना भक्तीचं कौतुक करतो, पण त्या गोष्टी सांगणाऱ्यांनी थोरपणाची परीक्षा खाणाऱ्याची लावली आहे. त्याला ते खाता येतं का?

याच मुलखातला एक तरुण या परीक्षेत कसा पडला ते सांगण्यासारखं आहे. शामराव हिवाळे. नगर कॉलेजचे संस्थापक भास्कर पांडुरंग हिवाळे यांचे हे धाकटे भाऊ. पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात त्यांची गाठ ऑक्सफर्डहून आलेल्या व्हेरिअर एल्विनशी पडली. या संघात इंग्रज आणि हिंदी माणसं एकत्र राहत, जमिनीवर बसून एकत्र जेवत. त्या काळात ही लहान गोष्ट नव्हती. पुढं 1932 साली दोघं मध्य प्रांतात मंडला जिल्ह्यातल्या करंजियाला गोंडांमध्ये जाऊन राहिले, झोपडी बांधली, दवाखाना आणि शाळा काढली. बिशपसाहेबांची अपेक्षा धर्मप्रसाराची होती. एल्विननी ती पुरी केली नाही, काही वर्षांत त्यांनी चर्चच सोडलं. शिकवायला गेलेला माणूस शिकायला बसला आणि गोंड-बैगांवर पुस्तकं लिहिता झाला. त्याचं श्रेय आपण त्याच्या बुद्धीला देतो. पण परक्या माणसाला गावात सामावून घेणारे, त्याच्या दारात बसून बोलणारे, आपल्या सणांना बोलावणारे गोंड नसते तर तो काय लिहिणार होता? शामराव शेवटपर्यंत त्यांच्यातच राहिले. पुस्तकांवर नाव एल्विनचं जास्त दिसतं, हेही नेहमीचंच.

आता परत वांद्र्याकडे येऊ. इथं ज्यांनी हे काम रोजच्या रोज चालू ठेवलं ती बहुतेक साधी संसारी माणसं आहेत. कॅथलिक चर्चमधून ‘सेंट व्हिन्सेंट द पॉल सोसायटी’ नावाची संस्था असते. 1833 साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम नावाच्या विशीतल्या विद्यार्थ्यानं मित्रांबरोबर ती सुरू केली. आदल्याच वर्षी पॅरिसमध्ये पटकीनं हजारो माणसं मेली होती. गरिबांसाठी तुम्ही नेमकं करता काय, असा टोमणा कुणीतरी या मुलांना मारला, त्यातून हे निघालं. काय करावं हे त्यांना माहीत नव्हतं, म्हणून ते रोझाली रॉन्द्यू नावाच्या सिस्टरकडे गेले. गरीब वस्तीतच आयुष्य घालवलेल्या त्या बाईनं त्यांना घरी जाऊन भेटण्याची रीत शिकवली. मदत केंद्रावर बोलवायचं नाही, रांग लावायची नाही. घरी जायचं, दोघांनी मिळून, आणि बसायचं. आजही जगभर या संस्थेची मुख्य पद्धत हीच आहे. ती जोडीजोडीची अट लूककडून आली असणार.

बसायचं, हा शब्द महत्त्वाचा. वस्तीत बसणं म्हणजे काय ते गेलेल्याला कळतं. दहा बाय दहाची खोली, वर पोटमाळा, कोपऱ्यात मोरी आणि निळं पिंप. दोघं आले की घरातलं एक मूल आपोआप बाहेर जातं आणि शेजारून प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन येतं. आजोबा खाटेवरून उठून बसतात. पंख्याचं तोंड पाहुण्याकडे वळवलं जातं. मग ती घरची बाई नवऱ्याकडे किंवा मुलीकडे एकदाच पाहते आणि मुलगी स्टीलचा डबा घेऊन जिना उतरते. ती दुधाला गेली हे सगळ्यांना कळलेलं असतं. घरात एरवी कोरा चहा होतो, पण पाहुण्यांना कोरा चहा द्यायचा नसतो. दुधाबरोबर ग्लुकोज बिस्किटांचा पुडा येतो, तोही बहुतेक वाण्याच्या वहीत लिहून. बिस्किटं बशीत मांडून पुढं ठेवली जातात आणि घरातली लहान मुलं त्या बशीकडे न पाहण्याचा मोठा प्रयत्न करत असतात.

आलेल्या पिशवीत तांदूळ, तूरडाळ, तेल, साखर असते. म्हणजे आपण साखर घेऊन आलो आणि त्यांच्याच घरातली साखर पिऊन निघालो. नवीन माणसाचा जीव यात कासावीस होतो. तो म्हणतो, “नको मावशी, आत्ताच घेतला.” हे खोटं आहे हे मावशीला ठाऊक असतं. ती म्हणते, “असं कसं? चहा घेतल्याशिवाय जायचं नाही.” दुसऱ्यांदा नाही म्हटलं तर तिचा चेहरा उतरतो. मी हे इतक्या घरांत पाहिलं आहे, की आता त्यामागं काही नियम आहे असं मला वाटतं.

नियम आपल्याच स्वयंपाकघरात आहे. शेजारणीनं वाटीत काही पाठवलं तर ती वाटी रिकामी परत करायची नाही. काही नसलं तर चिमूटभर साखर घालायची. मार्सेल मॉस या फ्रेंच समाजशास्त्रज्ञानं 1925 साली देणगीवर एक निबंध लिहिला, तो पुढं फार गाजला. पॅसिफिक बेटांपासून अमेरिकेतल्या आदिवासींपर्यंतचे दाखले देऊन त्यानं दाखवलं, की देणं, घेणं आणि परत करणं ही तिन्ही मिळून एक साखळी असते. परत करता न आलेली भेट घेणाऱ्याला खाली ढकलते. आपल्या आज्यांना हे मॉस न वाचता कळत होतं. रेशनची पिशवी ही आलेली वाटी आहे. मावशी ती रिकामी परत करायला तयार नाही. तिच्या चहाला नको म्हणणं म्हणजे तिला सांगणं, की तू फक्त घेणारी आहेस.

याला दुसरी बाजू आहे आणि ती सोडून देता येणार नाही. आपल्याकडचं व्यावसायिक समाजकार्याचं शिक्षणही मिशनच्याच एका माणसानं सुरू केलं. क्लिफर्ड मॅन्शार्ट हे अमेरिकन मराठी मिशनचे. नागपाड्यात त्यांनी वस्तीकेंद्र चालवलं आणि 1936 साली तिथंच टाटा ट्रस्टच्या मदतीनं ते विद्यालय निघालं, ज्याचं आज टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत रूपांतर झालं आहे. या शास्त्रशुद्ध परंपरेत कार्यकर्त्याला लोकांकडून काही घेण्याबाबत सावध राहायला शिकवतात, आणि त्यात तथ्य आहे. ज्याच्या घरी सामोसे मिळाले त्याचा अर्ज वर जाऊ नये. दर आठवड्याला माणसं आली आणि दर वेळी दूध उधार आणावं लागलं, तर ती मदत कसली? जुने कार्यकर्ते यावर आपापले उपाय काढतात. जेवणाच्या वेळेला जात नाहीत. आधी कळवत नाहीत, कळवलं की तयारी होते. दोघांत एकच कप मागतात आणि बशीत ओतून वाटून घेतात. बिस्किटाचा एक तुकडा मोडून बाकीची बशी पोरांकडे सरकवतात. मधुमेह झालेला एक माणूस पाणी मागतो, तेही मोठ्या तांब्यानं, आणि सगळं पितो. पण कुणीही, निदान ज्यांना वस्ती ओळखते त्यांच्यापैकी कुणीही, काहीच न घेता उठत नाही.

मदर तेरेसांनी 1979 साली ऑस्लोला नोबेल स्वीकारताना जी भाषणं केली त्यांत एक प्रसंग सांगितला होता. आठ मुलांच्या एका हिंदू कुटुंबात किती तरी दिवस अन्न नाही असं कळल्यावर त्या तांदूळ घेऊन गेल्या. त्या आईनं तांदूळ घेतले, त्याचे दोन भाग केले आणि एक भाग घेऊन ती बाहेर गेली. परतल्यावर कुठं गेली होतीस असं विचारलं, तर ती म्हणाली, तेही उपाशी आहेत. शेजारचं कुटुंब मुसलमान होतं. मदरना नवल वाटलं ते तिनं दिल्याचं नव्हे, तर शेजारी उपाशी आहेत हे तिला ठाऊक असण्याचं. आणि मदरनी त्या संध्याकाळी आणखी तांदूळ आणले नाहीत, ही त्या प्रसंगातली मला सर्वांत विचार करायला लावणारी गोष्ट आहे. आणले असते तर त्या बाईचं देणं पुसलं गेलं असतं. भुकेल्या मुलांसमोर असा निर्णय घेणं बरोबर की चूक, यावर मी दोन्ही बाजूंनी भांडणारी माणसं ऐकली आहेत. मदरनी मात्र तो लपवला नाही.

मुंबईकरांना याचा अनुभव घ्यायला कोणत्याही मिशनमध्ये जावं लागलं नाही. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. कलिना, कुर्ला, वांद्र्याच्या रस्त्यांवर हजारो माणसं कमरेएवढ्या पाण्यात अडकली. त्या रात्री गाड्या सोडून चालत निघालेल्यांना ज्यांनी हात धरून पाण्यातून काढलं, चहा-बिस्किटं दिली, ओटीवर, माळ्यावर झोपायला जागा दिली, त्यांत झोपडपट्टीतली माणसं मोठ्या संख्येनं होती. त्यांच्या स्वतःच्या घरात पाणी शिरलेलं होतं. एरवी ज्या वस्तीकडे काच वर करून पाहिलं जाई, तिच्या हातचा चहा त्या रात्री कुणी नाकारला नाही.

अलीकडं घरभेटीचं रूप बदलतं आहे. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत वस्त्या उंच इमारतींत गेल्या आणि जात आहेत. वॉचमन वहीत नाव लिहून घेतो, लिफ्ट बंद असली तर सातवा मजला चढावा लागतो. दारं बंद असतात, त्यामुळं शेजारून खुर्ची आणायची वेळ येत नाही आणि शेजारी उपाशी आहेत की नाही हेही पूर्वीसारखं आपोआप कळत नाही. आत गेल्यावर फ्रीज असतो, त्यातून गार पाण्याची बाटली निघते. त्या फ्रीजचे हप्ते चालू असतात आणि देखभालीचे पैसे थकलेले असतात. दूध आता डब्यातून येत नाही, पिशवीतून येतं, आणि ते आणायला अजूनही घरातली मुलगीच धावते. फक्त खाली उतरून परत वर यायला तिला जास्त वेळ लागतो, म्हणून पाहुण्यांनाही तेवढं जास्त बसावं लागतं.